‘काहीही चालते’ म्हणणाऱ्यांचे जेवण

आईच्या हातच्या चवीबद्दल मराठीत उदंड लिहिले गेले आहे. ललित निबंध, आत्मचरित्रे, दिवाळी अंकांतले स्मृतिलेख, आणि आता जालावरची पाककृतींची पाने, सगळीकडे ती चव आहे, चूल आहे, तव्यावरून ताटात पडणारी भाकर आहे. या सगळ्या लेखनात जीभ मात्र मुलाची असते. आईला स्वतःला काय खायला आवडत होते हे त्यात शोधू लागलो, तर हाती फारसे काही लागत नाही. तिचे जेवण सगळ्यांच्या नंतर, आणि उरलेले. त्यामुळे तिची आवड कोणी पाहिली नाही, आणि पाहिली नाही म्हणून लिहिली नाही. ही उणीव माझ्या ध्यानात आली ती वाचनातून नव्हे. आईबाबांना आठ दिवस समुद्रकाठी न्यायचे ठरले आणि तिथे त्यांनी कुठे जेवायचे हे ठरवण्याचे काम माझ्यावर आले, तेव्हा आली.

साहित्यचर्चेच्या पानावर हा विषय आणताना थोडा संकोच वाटतो. चार दिवसांच्या सहलीतले जेवण ते काय, आणि त्यावर मत ते काय मांडायचे! पण ज्या माणसांनी आयुष्यभर आपल्या ताटात काय पडावे हे ठरवले, त्यांच्या ताटात काय पडावे हे आपण ठरवू लागतो, तेव्हा काहीतरी उलटेपालटे होते. त्या उलथापालथीकडे आपण पुरेसे गंभीरपणे पाहत नाही असे माझे मत आहे. म्हणून हा लेख.

आमचे घर अंजनगाव सुर्जीचे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे नाव ३० डिसेंबर १८०३ च्या तहामुळे ठाऊक असते. अडगाव आणि गाविलगडच्या पराभवांनंतर दौलतराव शिंद्यांना इंग्रजांशी जो तह करावा लागला तो इथला. इतरांना ठाऊक असलेच तर पानमळ्यांमुळे आणि पानपिंपरीमुळे. बाबा निवृत्त शिक्षक आहेत, माळकरी आहेत, आणि कुठल्याही नव्या माणसाला गावाची ओळख करून देताना त्या तहापासूनच सुरुवात करतात. (पराभवाच्या तहाचा एवढा अभिमान मी दुसऱ्या कुणाला बाळगताना पाहिलेला नाही. असो.) आमच्या शेजारच्या तालुक्याचे नाव दर्यापूर आहे. नावात दर्या असूनही तिथून समुद्र कित्येक कोस दूर. खारे पाणी तेवढे आहे, पण ते पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचे. आईने सत्तर वर्षे वयापर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. दोघांचा प्रवास म्हणजे शेगाव, पंढरपूर, एकदा काशी, आणि उन्हाळ्यात कधीतरी चिखलदरा.

हा तपशील महत्त्वाचा आहे. यात्रेत जेवण निवडावे लागत नाही. शेगावच्या संस्थानात महाप्रसादाच्या पंगतीला बसले की पुढ्यात जे येईल ते घ्यायचे. वारीत ज्याची दिंडी त्याचा स्वयंपाक. त्याआधीच्या पिढ्या तर शिधा बांधून निघत आणि मुक्कामाला तीन दगड मांडून स्वतः शिजवत. ‘आज कुठे जेवू या’ हा प्रश्न त्या प्रवासात उद्भवतच नाही. तो पर्यटनाचा प्रश्न आहे, आणि पर्यटन आमच्या घरात माझ्यापासून सुरू झाले. म्हणजे मी त्यांना केवळ समुद्र दाखवायला नेत नव्हतो, तर त्यांना परक्या असलेल्या एका रिवाजात ओढत होतो. हे तेव्हा मला समजले नव्हते.

ठिकाण म्हणून मी मालवण ठरवले. कारणे सांगताना सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीचा किनारा, कोकण रेल्वेने कुडाळला उतरले की पुढचा सोपा रस्ता, असे सगळे सांगितले. खरे कारण वेगळे होते. खानोलकरांचे कुडाळ आणि दळवींचे आरवली ज्या मुलखात आहे तो मला पाहायचा होता. वर्गात वर्षानुवर्षे ज्यांच्याबद्दल बोललो त्यांच्या वाटा डोळ्यांखालून घालायच्या होत्या. माझ्या वाचनाने आईबाबांची सहल ठरवली. वाचकांपैकी जे माझ्यासारखे मराठीचे शिक्षक असतील त्यांनी आपापल्या सहलींची कारणे एकदा तपासून पाहावीत.

जेवणाच्या जागांची यादीही मी अशीच केली. जालावर वाचले, मित्रांना विचारले, आणि नऊ ठिकाणे काढली. प्रत्येक वेळी नवी जागा, म्हणजे आठ दिवसांत मालवणची सगळी चव पदरात पडेल असा हिशेब. आता विचार करतो तेव्हा त्या यादीतले सगळे अभिप्राय एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटतात. त्याचे दात शाबूत आहेत, त्याला साखर नाही, तो दुपारी अडीचला जेवू शकतो, अर्धा तास रांगेत उभा राहू शकतो, आणि त्याच्यासाठी मालवण म्हणजे मासळी. पापलेट ताजे होते, तिसऱ्या अप्रतिम होत्या, सुरमई कशी तळली होती. ‘शाकाहारी थाळीही मिळते’ हे वाक्य शेवटी, उपकारासारखे. ‘मिळते’ यापुढे त्या थाळीबद्दल कोणी काही बोलत नाही.

पहिल्या दिवशी जिथे गेलो त्या जागेचे नाव सांगत नाही. दोष तिचा नव्हता. जागा नावाजलेली होती, आणि जे खाण्यासाठी लोक येतात ते तिथे उत्तमच असावे. आम्ही पोचलो साडेअकराला, कारण घरी बाबांची जेवायची वेळ ती, आणि औषधाचीही. दार उघडले साडेबाराला. आत गेलो तर तळणाचा वास, भांड्यांचा आवाज, शेजारच्या टेबलावर आठ जणांचा वाढदिवस. मेनू कार्ड आले. हॉटेलातले कार्ड आपण डावीकडून वाचतो. बाबा उजवीकडून वाचतात. त्यांची नजर आकड्यांच्या रकान्यावरून खाली जाते, सर्वांत लहान आकड्यापाशी थांबते, आणि मग त्याच्या डावीकडे काय लिहिले आहे ते पाहते. त्या दिवशी तिथे ‘साधा भात, वरण’ होते. कार्डाच्या माथ्यावर ‘शाखाहारी’ असे छापलेले होते. बाबांनी खिशातले पेन काढून ‘ख’ वर काट मारली आणि मला म्हणाले, “शाखाहारी म्हणजे फांद्या खाणारा. माकडांसाठी वेगळे पान काढले आहे काय?” त्या जेवणातला आनंदाचा क्षण म्हणायचा तर तोच.

आईला विचारले, तुला काय मागवू? ती म्हणाली, “मले काहीही चालते.” मी दुसऱ्यांदा विचारले. “तुमी घेसान ते. मले काय, चालते न बाप्पा.”

त्या ‘चालते’पाशी मला थोडे थांबायचे आहे. मराठीत ‘मला आवडते’, ‘मला हवे’ आणि ‘मला चालते’ या तिन्ही वाक्यांत माणूस चतुर्थीत बसलेला असतो; रचना एकच. पण पहिल्यात तो आपल्या जिभेबद्दल सांगतो, दुसऱ्यात आपल्या इच्छेबद्दल, आणि तिसऱ्यात फक्त आपण आड येणार नाही एवढेच. आईची प्रथमपुरुषी वाक्ये मी मनातल्या मनात आठवून पाहिली. ‘मले पाह्यजे’ असे तिने माझ्यासमोर कधी म्हटल्याचे आठवेना. तिला वांग्याचे भरीत आवडते असे मी समजत होतो. पण भरीत मला आवडते, म्हणून मी घरी गेलो की ते होते. पाटोडीचा रस्सा बाबांना आवडतो. शेगावहून येताना कचोरी घ्यायची ती बहिणीसाठी. सत्तरी ओलांडलेल्या, माझ्या जन्मापासून ओळखीच्या बाईची एकही आवड मला खात्रीने सांगता येईना. साहित्याच्या शिक्षकाला ही गोष्ट लाजिरवाणी वाटली पाहिजे, आणि मला वाटली. ‘धग’मधल्या कौतिकच्या संसारावर वर्गात तासन्‌तास बोलणारा माणूस मी. वऱ्हाडी बाईची ओढाताण मी मुलांना समजावून सांगत होतो. स्वतःच्या आईपुढे कार्ड धरून मात्र नुसता बसलो होतो.

दुसऱ्या दिवशीची जागा शांत होती, समुद्रासमोर होती, आणि तिथे वर जायला कठड्याशिवायच्या एकवीस पायऱ्या होत्या. त्याबद्दल एवढे पुरे.

आम्ही उतरलो होतो ते पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेसारख्या एका घरात. तीन खोल्या भाड्याने, मागे नारळी-पोफळीची वाडी. घरधनीण पन्नाशीची, सासू ऐंशीच्या घरातली. तिसऱ्या दिवशी सोमवार होता. बाबांनी बाहेर पडायला नकार दिला, पाय दुखत होते. मी आत जाऊन विचारले, घरी जेवायला मिळेल का? ती म्हणाली, “मिळात. पण आज सोमवार, माशे नाय हत.” मासे नाहीत हे तिने अपराधी स्वरात सांगितले, आणि मी उडी मारली. मालवणातल्या पुष्कळ घरांत सोमवारी मासळी शिजत नाही. म्हणजे आठवड्यातून निदान एक दिवस तिथली बाई आपले सगळे कसब शाकाहारी स्वयंपाकात घालते, आणि तो स्वयंपाक तडजोडीचा नसतो, व्रताचा असतो. हे मालवण माझ्या यादीत नव्हते. ज्यांनी अभिप्राय लिहिले ते बहुधा सोमवारी दुसरीकडे कुठे जेवले असतील.

त्या दिवशी तांदळाची भाकरी होती (बाबांच्या कवळीला ज्वारीच्या भाकरीपेक्षा मऊ), ओल्या काजूची उसळ, कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. कार्ड नव्हते, त्यामुळे उजवीकडचा रकानाही नव्हता. जेवणाचे पैसे शेवटी एकदम द्यायचे, आणि ते मी देणार. किमती नजरेआड झाल्याबरोबर बाबांनी उसळ दोनदा मागून घेतली. पहिल्या दिवसाचा ‘साधा भात’ हा त्यांचा साधेपणा नव्हता, हिशेब होता, हे मला तेव्हा कळले.

घरधनीण आईसमोर उभी राहून म्हणाली, “काकी, तुमका काय व्हया तां सांगा.” आईने माझ्याकडे पाहिले. मी मुद्दामच भात कालवण्यात गढून गेलो. आई म्हणाली, “थोडासा सांबार असन तं टाका वरून.” घरधनीण आत गेली आणि जरा वेळाने वाटी घेऊन आली, वाटीत काळ्या वाटाण्याचे, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाचे दाट सांबार, सकाळच्या आंबोळ्यांबरोबर केलेल्यातले उरलेले. आई वाटीकडे पाहत राहिली. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. तिला उसळीवर हिरवी चार पाने हवी होती. मी उलगडा केला तेव्हा त्या दोघी आणि आतून ऐकणारी सासू अशा तिघी इतक्या हसल्या की बाबांना ठसका लागला. मग आईने ते सांबार चाखले, आणि आणखी एक चमचा घेऊन म्हणाली, “हे बी पाह्यजे, अन्‌ थ्ये बी पाह्यजे.”

भाषाविज्ञानाच्या वर्गात बोलीभेदाचे उदाहरण म्हणून हा प्रसंग मी आता सांगतो. पण तिथे जे सांगत नाही ते इथे सांगतो. आईच्या तोंडून ‘पाह्यजे’ निघाले ते अशा ठिकाणी, जिथे तिला विचारणारी बाई स्वतःच रांधणारी होती आणि जिथे तिचे मागणे चुकू शकत होते. हॉटेलात मागणे चुकत नाही. छापलेल्यातले एक बोट ठेवून दाखवायचे असते. आयुष्यभर दुसऱ्यांना ‘काय पाह्यजे’ विचारणाऱ्या बाईला छापील प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. दुसऱ्या बाईच्या प्रश्नाचे देता येते.

तेव्हापासून आम्ही नऊ ठिकाणांची यादी सोडून दिली. एक वेळ सोडली तर उरलेली सगळी जेवणे त्याच घरात झाली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी दिसली आणि मी अस्वस्थ झालो. आईला चुलीपासून आठ दिवस सुट्टी मिळावी म्हणून तर इथे आणले! माझ्या पिढीच्या मुलांना ही कल्पना फार प्रिय असते. तिच्यात प्रेम असते, तसा स्वतःला दिलेला एक सुबक दाखलाही असतो. ती काही काम करत नव्हती. सुक्या खोबऱ्याऐवजी ओले घातले की वाटण किती वेळ परतावे लागते हे ती पाहत होती. विद्यार्थी दुसऱ्याच्या कवितेचे हस्तलिखित पाहतो तशी. रांधायला लावणे वेगळे आणि रांधण्याबद्दलचे कुतूहल वेगळे. सुट्टी देण्याच्या उत्साहात मी तिचे कुतूहलही काढून घ्यायला निघालो होतो.

इथे दोन आक्षेप येतील, ते मी स्वतःच घेतो. पहिला असा, की घरगुती जेवणाच्या नावाखाली आपण म्हाताऱ्या माणसांना त्यांच्याच सवयींत कोंडून ठेवतो. नवे काही चाखण्याचा हक्क काय तरुणांनाच? आक्षेप रास्त आहे. पण सवयीचे आणि नवे यांतली रेघ आपण समजतो तिथे नसते. आई जो ठेचा बरणीत भरून घेऊन आली होती (तिच्या मते कोकणातले तिखट म्हणजे तिखटाचा नुसता रंग), त्यातली मिरची मूळची मेक्सिकोची आणि त्याच्या आसपासच्या मुलखाची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून ती आपल्याकडे आली, आणि ती गलबते लागली ती याच पश्चिम किनाऱ्याला, थोडी खाली, गोव्यात. उसळीतला काजूही असाच ब्राझीलहून आलेला. म्हणजे वऱ्हाडाचे अस्सल म्हणून जे बरणीत बसून आले होते ते समुद्रमार्गे आलेलेच होते, आणि आई ते जिथून आले त्या किनाऱ्यावर परत घेऊन आली होती. नवे चाखायला तिची ना नव्हती. तिला ते घाईने, गोंगाटात, आणि आपल्या खर्चाची चिंता वाहत चाखायचे नव्हते, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. बाबा माळकरी. पहिल्या दिवशी त्यांनी मला हळूच विचारले होते, “मासे ज्या भांड्यात करतात त्यातच आपले करतात काय?” मी चिडलो होतो. कोकण किनाऱ्यावर काही ठिकाणी ‘ब्राह्मणी पद्धतीचे शाकाहारी जेवण’ अशा पाट्या दिसतात, आणि वडीलधाऱ्यांना नेताना पुष्कळ जण ती पाटी पाहून निर्धास्त होतात. मी तसे करणार नाही, असे मी ठरवून ठेवले होते. ती पाटी रांधणाऱ्याची जात सांगते. मीठ कमी पडेल का, खुर्चीला हात आहेत का, साडेअकराला ताट मिळेल का, यातले काही सांगत नाही. पण मग बाबांचा प्रश्न? त्याला नुसते सोवळे म्हणून झटकून टाकणे मला जमले नाही. तुळशीची माळ त्यांनी स्वतःच्या इच्छेने घातलेली आहे, आणि तिचा नेम त्यांनी आपल्यापुरता ठेवला आहे. शेवटी त्यांनी तो प्रश्न स्वतःच घरधनिणीला विचारला. तिने शाकाहाराची भांडी वेगळी होती ती दाखवली आणि एक तवा एकच होता तोही सांगितला. बाबा म्हणाले, “घासता ना? मग झाले.” ज्या उत्तराची मला धास्ती होती ते असे चार शब्दांत आले. आईवडिलांच्या वतीने आपण ज्या भीती बाळगतो त्यांतल्या काही आपल्याच असतात असे तेव्हापासून मला वाटू लागले आहे.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट जेवणानंतरची होती. बाबांनी अंजनगावहून निघताना विड्याची पाने ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. पहिले दोन दिवस ती पिशवीतच राहिली, कारण हॉटेलात बडीशेप येते आणि बिल येते. सोमवारी जेवण झाल्यावर घरच्या सासूबाईंनी वाडीतली सुपारी आणि अडकित्ता पुढे ठेवला. बाबा उठले, खोलीतून पाने घेऊन आले, आणि त्यांनी ती पुढे ठेवली. पान आमच्याकडचे, सुपारी त्यांच्याकडची. सासूबाईंनी पान उलटेपालटे करून पाहिले, शिरा पाहिल्या, आणि आपल्या पोफळीवर चढवलेल्या वेलीचे पान आणून शेजारी ठेवले. मग तुलना झाली. मग पानमळ्याला पाणी कसे देतात यावर बोलणे झाले, आणि तिथून बाबा १८०३ च्या तहावर गेले. सासूबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “आमच्याकडे किल्लो आसा.” सामना बरोबरीत सुटला.

आपल्याकडे पाहुणा समुद्रकाठच्या नगरीत गेल्याची जुनी गोष्ट सुदाम्याची आहे. वऱ्हाडात वकिली करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ हे नाव आपल्या विनोदी लेखांना दिले, त्यामुळे आमच्या भागात त्या पुरचुंडीला वाङ्मयीन मानही आहे. द्वारकेत सुदाम्याला जे पक्वान्न वाढले गेले असेल त्याची यादी लोकांच्या लक्षात राहिली नाही. लक्षात राहिले ते त्याने लपवलेले पोहे, आणि ते मागून घेणारा यजमान. पहिल्या दोन दिवसांत आमच्या पिशवीतली पाने मी पाहिली होती. ती कशासाठी आणली हे विचारायचे मला सुचले नाही.

म्हणून कोणी विचारले तर माझे मत सांगतो, आणि ते थोडे हट्टी आहे. आईवडिलांसाठी जेवायची जागा निवडताना पदार्थ शेवटी पाहावेत. आधी वेळ, पायऱ्या, उजेड, आवाज, आणि शौचालय कुठे आहे ते. मग किमती त्यांच्या डोळ्यांसमोर येणार की नाही ते. मग रांधणारे माणूस समोर येते का ते. आणि एकच जागा पुनःपुन्हा. कारण पहिल्या दिवशी ‘चालते’ म्हणणारा माणूस तिसऱ्या दिवशी बोलू लागतो, आणि रोज नवी जागा म्हणजे रोज पहिलाच दिवस. मराठी प्रवासवर्णनाने मेक्सिकोपर्यंत मजल मारली आहे (मीना प्रभूंचे ‘मेक्सिकोपर्व’ वाचकांना आठवेल). पण आईवडिलांना शेजारी बसवून त्यांच्या ताटाकडे पाहणारा प्रवासी माझ्या वाचनात तरी क्वचितच आला. हे कोणी लिहिले असेल तर मला जरूर कळवावे.

सोडलेली ती एक वेळ माझी होती. सहाव्या दिवशी संध्याकाळी मी एकटाच त्या पहिल्या नावाजलेल्या जागी गेलो आणि मासे खाऊन आलो. माळ बाबांची, मला मासे आवडतात, हे दोघांनाही ठाऊक आहे. परत आलो तेव्हा आईने काय खाल्ले ते विचारले, मग तिकडे काय काय मिळते ते विचारले, आणि मग सांगितले की आज इकडे पुन्हा कुळथाची पिठी होती.

“मग? खाल्लीस ना?”

“नाही. मले ते नाही आवडत. पहिल्या दिवशीच नव्हती आवडली. आज त्यायले सांगतलं.”

बाबांनी वर्तमानपत्रातून डोके वर काढले. पिठी त्यांना फार आवडली होती आणि अंजनगावला गेल्यावर ती घरी व्हावी असा त्यांचा बेत होता. त्यांनी काही क्षण आईकडे पाहिले, आणि काही न बोलता पुन्हा वर्तमानपत्र उघडले.

यंदा दिवेआगरचे चालले आहे. घरे तीन पाहून ठेवली आहेत, अजून ठरवलेले नाही. परवा फोनवर आईला तिन्हींबद्दल सांगितले. समुद्र किती लांब, खोल्या कशा. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “रांधते कोण?”